देवाने दिलेली संधी आणि आपली घाई

आपल्याकडे देवाच्या नावावर जमा होणाऱ्या गोष्टींची यादी एकदा नीट पाहावी. मुलाला अमेरिकेचा व्हिसा मिळाला, म्हाडाच्या सोडतीत घर लागले, अडलेले लग्न जमले, शेवटच्या फेरीत हव्या त्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला, की ‘देवाच्या मनात होते’ असे म्हणून आपण पेढे वाटतो. त्यात गैर काही नाही. मात्र या यादीतली जवळजवळ प्रत्येक नोंद आपल्या फायद्याची असते. सकाळी कामावर निघताना शेजारचे एकटे राहणारे आजोबा जिन्यात चक्कर येऊन पडले, त्यांना दवाखान्यात न्यावे लागले आणि त्यापायी महत्त्वाची बैठक हुकली, तर ‘आज देवाने संधी दिली’ असे म्हणून पेढे वाटल्याचे कोणी ऐकलेले नाही. त्या दिवसाचे वर्णन ‘सगळा दिवस फुकट गेला’ असेच होते.

रोजच्या जगण्यात ईश्वराकडून येणाऱ्या अनपेक्षित संधींसाठी मन मोकळे ठेवावे, हा उपदेश प्रवचनांत असतो, चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत असतो, आणि आता ‘ब्रह्मांड तुम्हाला संकेत देत असते’ अशा नव्या बोलीत मोबाइलवरही सकाळ-संध्याकाळ येतो. उपदेश जुना आणि चांगला आहे. फक्त त्यातली संधी कोणाच्या कामाची, हा प्रश्न त्यातून हळूहळू गळून गेला आहे. माझे म्हणणे असे की, आपल्या परंपरेने जिला दैवी संधी मानले ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या गरजेच्या रूपाने आणि आपल्या ठरलेल्या कामाच्या आड येते. आणि तिच्यासाठी मन मोकळे असून भागत नाही, दिवसही थोडा मोकळा असावा लागतो. हा दुसरा भाग कोणा एकट्याच्या हातातला नाही, म्हणूनच हा प्रश्न खासगी श्रद्धेपुरता उरत नाही.

काशीची गंगा कावडीने रामेश्वराला नेताना एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला ती पाजली, ही आख्यायिका मराठी मुलांना शाळेतच भेटते. तिच्याकडे आपण भूतदयेची गोष्ट म्हणून पाहतो आणि पुढे जातो. पण नाथांनी त्या वेळी काय सोडले, हे पाहिले म्हणजे तिची धार कळते. बाजारहाट अर्धवट टाकून ते वळले नव्हते. शेकडो कोस पायी आणलेले, देवाच्याच अभिषेकासाठी राखलेले पाणी त्यांनी मध्येच संपवले, आणि सोबतच्या यात्रेकरूंना ते वायाच गेले असे वाटले. म्हणजे अनपेक्षित संधी ही नेहमी ऐहिक कामाच्या आणि धर्मकार्याच्या मध्ये निवड करायला सांगते असे नव्हे. ती धर्मकार्याच्याही आड येते, आणि तिथे तिला ओळखणे सर्वांत कठीण असते. पूजेला बसलेल्या माणसाला दारावरची बेल अडथळाच वाटते.

पुंडलिकाच्या कथेत मात्र याच्या उलट घडते, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. तिथे अनपेक्षित पाहुणा म्हणून दारात आला तो साक्षात देव. यापेक्षा मोठी संधी कोणती? पण पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता. त्याने वीट पुढे फेकली आणि देवाला तिच्यावर थांबायला सांगितले. ‘युगे अठ्ठावीस विटेवरी उभा’ ही आरती आपण टाळ्या वाजवत म्हणतो, तेव्हा एका माणसाने हातातले काम न सोडता देवाला ताटकळत ठेवल्याचे ते वर्णन आहे, याचा आपल्याला विसर पडलेला असतो. संधीला तयार असणे म्हणजे चकाकणाऱ्या प्रत्येक नव्या गोष्टीमागे हातातले टाकून धावणे, असा जो समज हल्ली पसरला आहे, त्याला पंढरीच्या दैवताची ही जन्मकथाच विरोध करते. नाथांनी हातातले सोडले आणि पुंडलिकाने सोडले नाही. पण दोघांनी एकच गोष्ट पाहिली. अगदी जवळ, हाताच्या अंतरावर कोणाला आपली गरज आहे, त्याला त्यांनी अग्रक्रम दिला. दैवी संधीची याहून साधी कसोटी मला तरी माहीत नाही.

ही संधी आली म्हणजे मन उजळते, अंतरीचा आवाज ऐकू येतो, असेही सांगितले जाते. बाबा आमट्यांचा अनुभव याच्या नेमका विरुद्ध आहे. १९१४ साली हिंगणघाटला जमीनदाराच्या घरात जन्मलेले मुरलीधर देविदास आमटे वरोऱ्याला वकिली करत होते, नगरपालिकेत उपाध्यक्ष होते, आणि भंगीकाम करणाऱ्यांचे जिणे कळावे म्हणून स्वतः डोक्यावरून मैला वाहत होते. रेल्वेत एका तरुणीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले होते. असा माणूस एका पावसाळी संध्याकाळी घरी परतत असताना रस्त्याकडेला त्याला चिंध्यांच्या बोचक्यासारखे काही दिसले. ते हलले. तो तुळशीराम होता, कुष्ठरोगाच्या अखेरच्या अवस्थेतला. बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले. आणि अभयसाधक तिथून पळाले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे म्हणून हे पळणे आपण चटकन ओलांडून जातो. मला मात्र तिथे थांबावेसे वाटते. भीती नावाची गोष्ट आपल्याला माहीत नाही असे ज्याला वाटत होते, त्याला ती एका असहाय, मरणाऱ्या माणसाने दाखवली. बाबा परत गेले, तुळशीरामाच्या अंगावर आडोसा केला, त्याला खाऊ घातले. तो वाचला नाही. ‘जिथे भीती आहे तिथे प्रेम नाही’ या आशयाचे उद्गार बाबांनी पुढे अनेकदा काढले, ते या पळण्यातून आले होते. नंतर त्यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले, आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ, पडीक जमिनीवर साधनाताई, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे राहू लागले. हे सारे कर्मकांडातल्या देवाला मानून झालेले नाही. बाबांचा तसल्या देवाशी फारसा संबंध नव्हता. तरीही ईश्वराने दिलेल्या अनपेक्षित संधीचे अस्सल उदाहरण महाराष्ट्रात शोधायचे तर मी श्रद्धाळूंनाही आधी इथेच नेईन. ती संधी आली तेव्हा किळस आणि भीती घेऊन आली, आणि पहिल्या भेटीत तिला ‘नाही’ असेच उत्तर मिळाले.

तर मग बहुतेकांच्या बाबतीत ‘नाही’ हेच उत्तर शेवटपर्यंत का टिकते? आपण दुष्ट झालो आहोत, माणुसकी उरली नाही, हे नेहमीचे उत्तर मला पटत नाही. १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षण घेणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटे भाषण करायचे होते. निम्म्यांचा विषय होता बायबलमधली चांगल्या शोमरोनी माणसाची कथा, म्हणजे रस्त्यात जखमी होऊन पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची कथा. वाटेत एक माणूस दारात वाकून, खोकत, कण्हत बसलेला असे. ज्यांना भरपूर वेळ आहे असे सांगितले होते त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले, ज्यांना थोडी घाई होती त्यांच्यापैकी ४५ टक्के, आणि उशीर झाल्याचे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी अवघे १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने ठळक फरक पडला नाही. दयेवर प्रवचन द्यायला निघालेले भावी धर्मोपदेशक कण्हणाऱ्याला वळसा घालून दयेवर प्रवचन द्यायला गेले. प्रयोग लहान होता, आणि त्यावरून सगळ्या मानवजातीचा निवाडा करू नये. पण ज्याला सकाळची ठरलेली लोकल पकडायची असते त्याला त्यातले सत्य पटवून द्यावे लागत नाही.

आपल्याकडेही हे वेगळ्या तऱ्हेने दिसते. आषाढी वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तेव्हा भवानी पेठ, नाना पेठ आणि आसपासचा सारा परिसर वारकऱ्यांसाठी उघडतो. कोणी पिठलं-भाकरी वाढते, कोणी चपला शिवून देते, डॉक्टर मोफत औषधे देतात, तरुण मुले अनोळखी म्हाताऱ्यांचे पाय तेल लावून चेपतात. हे पाहताना मन भरून येते, आणि तसे येणे योग्यच आहे. पण पालखीची तारीख महिनाभर आधी जाहीर असते, त्या दिवसाची सुट्टी आधी टाकता येते, पिठाची पोती आधी आणता येतात. तोच वारकरी आडवारी, कार्तिक उलटल्यावर, हातात कसलीशी चिठ्ठी घेऊन, ससून रुग्णालय कुठे आहे असे विचारत सोसायटीच्या फाटकाशी आला, तर त्याला आधी कोणत्या फ्लॅटमध्ये जायचे ते विचारले जाईल, मग मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला जाईल, आणि दोन्ही नसल्यामुळे तो फाटकाबाहेरच उरेल. आपले औदार्य खोटे नाही. ते वेळापत्रकात बसवलेले आहे. अवेळी येणाऱ्यासाठी जी जागा पूर्वी ओसरीवर होती, ती आपण सुरक्षेच्या नावाखाली, आणि बऱ्याच अंशी खऱ्या भीतीपोटी, बुजवून टाकली आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. हे मोकळेपण कोणाच्या जिवावर? मराठी वाचकाला याचे उदाहरण लांब शोधावे लागत नाही. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले असता एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने त्यांना ‘नवा करार’ भेट दिला. या योगायोगाच्या भेटीने मराठी ख्रिस्ती कवितेला तिचा सर्वांत मोठा कवी दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या दृष्टीने तो डबा, तो परका माणूस आणि ते पुस्तक ही ईश्वराचीच योजना होती. पण त्या योजनेविषयी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना कोणी विचारले नव्हते. नवरा धर्मांतर करून गेला, पदरी लहान मूल, नातेवाइकांच्या घरी पाहुणी म्हणून काढलेली वर्षे, सोवळेओवळे आणि बोलणी, हे सारे त्यांच्या वाट्याला आले. पुढे त्या आपल्या विचाराने आणि आपल्या गतीने पतीच्या धर्मात गेल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून त्यांनी ही सगळी हकिकत अशा निर्विष विनोदाने सांगितली की वाचणारा हसता हसता ओशाळतो. टिळकांची प्रेरणा खरी नव्हती असे मी म्हणत नाही. पण एकाला ऐकू आलेल्या हाकेची किंमत दुसऱ्याने न विचारता भरावी, हे त्या प्रेरणेच्या खरेपणामुळे न्याय्य ठरत नाही.

घराघरांत हे आजही लहान प्रमाणात चालते. ‘अतिथी देवो भव’ म्हणून दार उघडणारा एक असतो आणि ओट्याशी उभी राहणारी दुसरी. बाईचा वेळ हा सर्वांसाठी सदैव मोकळा आहे असे गृहीत धरूनच आपले बरेचसे आतिथ्य चालत आले आहे, आणि तिला कोणी ‘अनपेक्षित संधींसाठी तयार रहा’ असे सांगणे ही तर थट्टाच होईल. तिच्या दिवसात अनपेक्षिताखेरीज दुसरे काय असते? तिला उलट पुंडलिकाची वीट हवी आहे. त्याचप्रमाणे दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या मुलाला वाटेत पडलेला माणूस दिसला तर थांबण्याने त्याचा त्या दिवसाचा बोनस जाऊ शकतो, वर ‘उशीर झाला’ म्हणून ग्राहकाची तक्रार येते. ज्याला थांबणे परवडते त्याने न परवडणाऱ्याला थांबण्याचे माहात्म्य सांगू नये. म्हणूनच माझा आग्रह व्यक्तीच्या मनापेक्षा तिच्या दिवसाच्या रचनेवर आहे, आणि ती रचना मालक, कंपन्या, सोसायट्या आणि सरकार मिळून ठरवतात.

प्रत्येक बेल देवच वाजवतो असे अर्थात नाही. ओटीपी मागणारा फोनवरचा गोड आवाज, दुप्पट पैसे करून देणारी योजना, ‘दैवी संकेत’ सांगून अंगठी विकणारा, हेही अनपेक्षितच असतात आणि संधीच्याच रूपात येतात. पण त्यांना ओळखायला फार मोठी साधना लागत नाही: ते देऊ करतात, मागत नाहीत, किंवा मागतात ते देऊ केल्यावर. आणि आपले घोडे दामटण्यासाठी देवाची सही वापरणाऱ्याला तर कोणताच संकेत नको असतो, त्याचे आधीच ठरलेले असते.

या सगळ्याचा व्यवहारात सर्वांत उघड कस लागतो तो रस्त्यावर. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, म्हणजे रोज साडेचारशेहून अधिक. अपघातानंतरच्या पहिल्या तासात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता बरीच वाढते, आणि त्या तासात जखमीच्या जवळ डॉक्टर नसतो, वाटसरू असतो. आपल्यापैकी अनेकांच्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’ असे स्वामी समर्थांचे वचन असते. ती काच दूर जाताना जखमीला दिसत असेल. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, कारण काचेआडच्या माणसाची भीती निराधार नव्हती. पोलीस साक्षीदार म्हणून खेटे घालायला लावतील, रुग्णालय आधी पैसे भरा म्हणेल, उलट आपल्यावरच आरोप येईल, हा अनेकांचा ऐकीव नव्हे तर प्रत्यक्ष अनुभव होता.

ती भीती दूर करण्याचे काम प्रवचनाने नव्हे, कायद्याने सुरू केले. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठी केंद्राने आखलेल्या मार्गदर्शक सूचना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये बंधनकारक केल्या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले आणि २०२० मध्ये त्याचे नियम झाले. आता मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, रुग्णालयाला त्याला अडवून ठेवता येत नाही की त्याच्याकडून पैसे मागता येत नाहीत, आणि साक्षीदार व्हायचे की नाही हे त्याच्या इच्छेवर आहे. २०२१ पासून अशा व्यक्तीला ५,००० रुपयांचे बक्षीस होते, ते आता ‘राहवीर’ या नावाने २५,००० रुपयांवर गेले आहे. या कायद्याला ज्याच्या नावाने ‘गुड समॅरिटन’ कायदा म्हणून ओळखतात तो बायबलमधला शोमरोनी यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर थांबला होता. याजक आणि लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, तिथून आधीच निघून गेले होते. त्याने जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार देऊन, जास्त खर्च झाला तर परतताना देईन असे सांगून तो पुढे गेला. त्याने आपला प्रवास कायमचा सोडला नाही. वाटेवर कोणीतरी उतारशाळा चालवत होते म्हणून त्याला थांबूनही पुढे जाता आले. ती नसती तर त्याच्या दयेची दमछाक त्याच रात्री झाली असती.

आपल्याकडे ही उतारशाळा कागदावर तयार आहे आणि लोकांना तिचा पत्ता नाही. मदत करणाऱ्याचे हक्क सांगणारा फलक रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशी हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत लावावा, असे नियमच सांगतो. आपण शेवटचे ज्या रुग्णालयात गेलो तिथे तो मराठीत दिसला का, हे प्रत्येकाने आठवून पाहावे. पंढरपूर, शिर्डी, तुळजापूरच्या वाटांवर वर्षभर पायी चालणारे भाविक महामार्गाच्या कडेने, अनेकदा अंधारात जातात, आणि त्यांच्यातल्याच काहींना वाहनांची धडक बसते. या वाटांवरच्या देवस्थानांकडे कमानी, ध्वनिक्षेपक, भक्तनिवास आणि पैसा सारे काही आहे. त्यांनी दर्शनाच्या वेळा लिहिलेल्या फलकाखाली १३४-अ कलमाचे चार ओळींचे मराठी भाषांतर आणि १०८ रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहावा, कीर्तनकारांनी नाथांच्या कावडीचे आख्यान लावताना तो कायदाही सांगावा. आणि ज्या कंपन्यांच्या गणेशोत्सवातल्या जाहिराती भक्तीने ओथंबलेल्या असतात, त्यांनी ‘अपघातग्रस्ताला मदत केली’ हे उशिराचे कारण आपल्या ॲपमध्ये आणि हजेरीपटात मान्य करून त्या दिवसाचे पैसे कापू नयेत.